अश्वारूढ महाराज आणि अंगणातली म्हैस

गिरगाव, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांचा आणि बंदरापलीकडील अष्टागराचा ऋणानुबंध फार जुना आहे. तिकडची नारळ-सुपारी आणि तिकडची माणसे पिढ्यान्पिढ्या गलबतांतून, पुढे आगबोटींतून भाऊच्या धक्क्याला उतरत आली. भाद्रपद जवळ आला की पेणच्या गणेशमूर्ती मुंबईच्या चाळींतून पाटावर विराजमान होत आल्या. आणि शिमग्याला, गौरीगणपतीला हीच माणसे उलट पावली आपापल्या वाडीत परतत आली. या येण्याजाण्याच्या ओघात एक तरुण असा आला की ज्याने मुंबईच्या कलाशाळेत हात घडविला, कलकत्ता आणि लंडन पाहिले, महाराष्ट्राला त्याचा पहिला भव्य अश्वारूढ शिवपुतळा दिला, आणि हे सर्व करून पुन्हा आपल्या जन्मगावी, मांडव्याच्या पुढे किहीमच्या वाटेवर असलेल्या सासवण्यास, समुद्राकाठच्या घरी शेवटपर्यंत शिल्पे घडविली. विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. त्यांच्या कीर्तीचा आधार तो पुतळा असला, तरी त्यांच्या कलेचे खरे मर्म सासवण्याच्या घराच्या आवारातील जनावरांत आणि गावच्या माणसांच्या मुखवट्यांत आहे, असे माझे मत आहे, आणि ते सकारण मांडावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

करमरकरांचा जन्म 2 ऑक्टोबर 1891 चा. त्या वेळी सासवणे कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. घरी गणपतीच्या मूर्ती घडत असत, आणि ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानी ठेवावी. कारण ज्या मुलाचे बालपण शाडूच्या गोळ्याच्या सान्निध्यात जाते, त्याला आकार ही गोष्ट कागदावर काढण्यापूर्वी बोटांना कळलेली असते. शाडू मळताना तीत पाणी किती, ती किती वेळ झाकून ठेवायची, सोंडेचा वळसा ओला असतानाच द्यायचा की थोडा टणकल्यावर, कोरणीने कान किती पातळ करावा म्हणजे तो वाळताना तडकणार नाही, आणि सर्वांत शेवटी, रंग चढल्यावर, डोळ्यांची आखणी करताना श्वास कसा रोखून धरावा, हे ज्ञान पुस्तकात लिहिलेले नसते. ते माजघरात आणि पडवीत, वडीलधाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्याने मिळते. कोकणातील शेकडो घरांत ते होते आणि आजही आहे. मात्र त्या ज्ञानाला बाहेरच्या जगाचे दार उघडून देणारा कोणी भेटणे, हा योगायोगाचा भाग.

तो योगायोग करमरकरांच्या बाबतीत जिल्ह्याच्या कलेक्टरच्या रूपाने घडून आला. फिरतीवर असताना ऑटो रॉथफील्ड या अधिकाऱ्याच्या दृष्टीस, गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पडले, आणि त्यांनी चौकशी करून मुलाला मुंबईस, सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत पाठविण्याची तजवीज केली, असे सांगतात. म्हणजे आरंभ चित्राचा होता, मूर्तीचा नव्हे. आणि त्या चित्राचा विषयही तोच, ज्याने पुढे वीस वर्षांनी त्यांना कीर्ती दिली. एरवी महसुलाची बाकी आणि जमीनजुमल्याचे तंटे यांतच ज्यांचा दिवस मावळायचा, अशा कलेक्टरांमध्ये हा गृहस्थ निराळा होता यात शंका नाही. भारतीय स्त्रियांच्या वेषभूषेवर आणि राहणीवर त्यांनी पुढे एक ग्रंथ लिहिला. त्यातील रंगीत चित्रे रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधरांनी काढली, आणि धुरंधर हे त्याच कलाशाळेतील अध्यापक. साहेबाची रसिकता शिफारसपत्रापुरती नव्हती, एवढे यावरून दिसते.

कलाशाळा 1857 साली स्थापन झालेली. करमरकर तेथे आले तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते, आणि शिक्षणाची रीत युरोपीय होती: ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन, पुढे जिवंत नमुन्यावरून, मग मातीकाम. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तीतील काही रास्तही होती. पण ज्या मुलाच्या बोटांत शाडूचा संस्कार होता, त्याला हाडे, स्नायू आणि तोल यांचे शास्त्र येथेच मिळाले, हे नाकारता येणार नाही. शिवाय समोर एक वस्तुपाठ होता. याच शाळेचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी 1896 साली, वयाची विशी जेमतेम गाठली असता, पूजेस निघालेल्या तरुणीची ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती घडविली होती, आणि परदेशी न गेलेला एक मराठी तरुण युरोपीय शिल्पकारांच्या तोडीचे काम करतो याचा सर्वत्र गाजावाजा झाला होता. करमरकरही शाळेत अव्वल ठरले आणि मेयो पदकाचे मानकरी झाले.

विद्यार्थ्याने मुंबईत आणखी काय काय पाहिले असेल याचा मी पुष्कळ वेळा विचार करतो. सासवण्याहून मुंबईस येताना बंदरात घारापुरीचे बेट लागते. तेथील त्रिमूर्ती जगविख्यात आहे. परंतु ज्या पाषाणाच्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलेफंटा’ म्हटले, त्या हत्तीची कथा पुष्कळांना ठाऊक नसते. 1814 साली त्याचे डोके आणि मान गळून पडली. 1864 साली तो विलायतेस नेण्याच्या खटाटोपात यारी मोडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवले गेले, आणि 1914 साली जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. लालबाग-परळची मुले आजही प्राणी पाहायला म्हणून राणीच्या बागेत जातात आणि वस्तुसंग्रहालयाच्या आवारातील या हत्तीशेजारून बहुधा न पाहताच पुढे निघून जातात. आपल्याकडे देवाच्या वाहनापलीकडे जनावर हा शिल्पाचा स्वतंत्र विषय फार क्वचित झाला आहे. आणि तो जेथे झाला, तेथे करमरकरांच्या घराण्यातला, अर्थात वृत्तीने, कोणी कारागीर असावा असे मला नेहमी वाटते.

शिक्षण संपल्यावरची वर्षे थोडक्यात सांगता येतात. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या आश्रयाने ते कलकत्त्यास गेले आणि तेथे त्यांना व्यक्तिशिल्पांची कामे मिळू लागली. 1920 साली ते लंडनला गेले, रॉयल अकॅडमीत शिकले, युरोपातील संग्रहालये पाहिली. परत येऊन काही काळ कलकत्त्यास आणि नंतर मुंबईस राहिले. परदेशातून आलेला माणूस परदेशी ढंग घेऊन येतो अशी आपली समजूत असते. करमरकरांच्या बाबतीत उलट झाले. तिकडे जे शिकले ते हत्यारांचे आणि धातूचे शिकले. विषय मात्र इकडचेच राहिले.

आता त्या पुतळ्याकडे वळू. पुण्यास शिवछत्रपतींचे स्मारक व्हावे ही राजर्षी शाहू महाराजांची तळमळ. त्याची कोनशिला 19 नोव्हेंबर 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. पुढल्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले. काम रेंगाळले, आणि अखेरीस राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते करमरकरांकडे आले, तेही अपुरा अवधी हाती असताना. अश्वारूढ पुतळा म्हणजे शिल्पकाराच्या विद्येची कठोर परीक्षा. आधी लोखंडी सांगाड्यावर शेकडो मण माती चढवायची. ती मूर्ती मनासारखी झाली की तिच्यावरून प्लास्टरचे साचे काढायचे. साच्यांतून ओतकामाचा साचा सिद्ध करायचा. आणि मग हजार अंशांहून अधिक तापलेला काशाचा रस त्यात अशा रीतीने सोडायचा की वाटेत कोठे हवेचा बुडबुडा अडकू नये, रस मध्येच थिजू नये आणि साचा भाराने फुटू नये. लहान मूर्ती तुकड्यांनी ओतून जोडतात तशी मोठीही जोडता येते, आणि सावध माणूस तेच करतो. करमरकरांनी साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतवून घेतला. जेथे जहाजांचे अवजड सुटे भाग घडत, तेथे महाराजांचा घोडा घडला; माझगाव-परळच्या कामगारवस्तीला याचा अभिमान वाटावा असा हा प्रसंग आहे, आणि आपल्या शहराच्या इतिहासात तो कोठे ठळकपणे लिहिलेला आढळत नाही याचा मला खेद वाटतो. तेथून रेल्वेने पुतळ्याची रवानगी पुण्यास झाली, आणि 16 जून 1928 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

पाहणारे महाराजांची मुद्रा पाहतात, आणि ते साहजिक आहे. तथापि या पुतळ्याजवळ गेलात तर थोडा वेळ स्वाराला विसरून केवळ घोडा पाहा, एवढी माझी विनंती आहे. अश्वारूढ पुतळ्यांत घोडा बहुधा चौथऱ्याचाच एक भाग होऊन जातो. धनी वर बसलेला, आणि खाली एक भरीव, सुबक, निर्जीव आधार. येथे तसे नाही. मानेच्या शिरा, छातीचा फुगवटा, ओठांशी लगामाचा ताण, सर्वांगाचा भार पायांवर उतरण्याची रीत, हे सर्व अशा माणसाच्या हातचे आहे की ज्याने जनावराला जनावर म्हणून मान दिला आहे. स्वाराचा दरारा निम्मा या घोड्याच्या जिवंतपणातून येतो.

या यशानंतर कामांची रीघ लागली. संस्थानिक, नगरपालिका, शिक्षणसंस्था, धनिक घराणी यांच्याकडून पुतळ्यांच्या आणि अर्धपुतळ्यांच्या फर्मासी येत, आणि शिल्पकाराचा संसार त्यांवरच चाले. या कामाची शिस्त निराळी असते. पैसे देणाऱ्या समितीला साम्य हवे, पदाची शान हवी, पागोट्याची घडी बरोबर हवी. सभासद एकामागून एक येऊन मातीच्या मूर्तीपुढे उभे राहतात आणि नाक किंचित आखूड करा म्हणतात. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा जो पुतळा आहे तो वसईच्या रघुनाथराव फडक्यांचा. त्या पिढीच्या म्हात्रे, फडके, तालीम, करमरकर या सर्वच शिल्पकारांनी मुंबईतील आणि मुंबईबाहेरील चौकांना अशी माणसे दिली. या कामाला मी कमी लेखत नाही. पण कलावंत स्वतःच्या मर्जीने, कोणी न सांगता, कशाकडे पाहतो हे त्यात कळत नाही.

ते कळते ‘शंखध्वनी’त. शंख फुंकणाऱ्या तरुणीच्या या मूर्तीला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. शंख फुंकताना सारे शरीर एका श्वासाच्या कामी लागते: छाती भरते, गळा ताणला जातो, दोन्ही हात वर जाऊन त्या श्वासाला दिशा देतात. शिल्प निःशब्द असते. येथे नाद दाखवायचा होता, आणि तो श्वासाच्या द्वारे दाखविला गेला. ‘मत्स्यगंधा’ या दुसऱ्या प्रसिद्ध शिल्पाचे नाव महाभारतातले असले, तरी देह अलिबाग-रेवसच्या किनाऱ्यावरील कोळणीचा आहे. ज्यांनी भाऊच्या धक्क्यावर पहाटे पाट्या उतरविणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्यांना तो ताठ कणा आणि ती खांद्यांची ठेवण ओळखता येईल. गावचे शेतकरी, हमाल, कोळी, लहान मुले, म्हाताऱ्या बाया यांचे किती तरी मुखवटे त्यांनी केले. आणि त्यांत पदाची शान सांभाळायची नसल्यामुळे चेहरा जसा आहे तसा, उन्हाने रापलेला, क्वचित हसणारा, बव्हंशी आपल्याच विचारात असलेला, असा उतरला.

आणि जनावरे. सासवण्याच्या घराच्या आवारात जी म्हैस आहे, ती पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी खरीच वाटते. पण फसवणुकीचा हा आनंद ओसरल्यावर जे उरते ते अधिक मोलाचे आहे. म्हैस हे जनावर आपल्याकडे काव्यात येत नाही. गाईला पुण्याई आहे, घोड्याला शौर्य आहे, हत्तीला ऐश्वर्य आहे; म्हशीच्या वाट्याला दुधाचा रतीब आणि मंदबुद्धीची उपमा. करमरकरांनी तिच्याकडे असे पाहिले की जणू पूर्वी तिच्याविषयी कोणी काही बोललेच नव्हते. पोटाचा प्रशस्त घेर, कमरेच्या हाडावर ताणलेली आणि तेथून सैल पडत गेलेली कातडी, मानेखालचा जड भार, मागे झुकलेली शिंगे आणि या साऱ्या भाराखाली असलेली ती विलक्षण स्वस्थता: हे सर्व त्यांनी टिपले, आणि कोठेही शोभा आणण्याचा मोह धरला नाही.

हे काम सिमेंटात आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. संगमरवर महाग, काशे त्याहून महाग. फर्मास असेल तरच ते परवडे. सिमेंट हे त्या काळी नवे द्रव्य. पोरबंदरास त्याचा कारखाना 1914 च्या सुमारास सुरू झाला, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती त्यानेच उभ्या राहिल्या. ज्या द्रव्याने गवंडी गच्ची घालीत होते, त्याच द्रव्यात करमरकरांनी म्हैस, कुत्रा आणि माणसे घडविली. रीत अशी की लोखंडी सळ्यांचा सांगाडा बांधायचा, त्यावर तारेची जाळी चढवायची, आणि सिमेंट-वाळूचा गिलावा थरावर थर देत आकार उभा करायचा. शाडू दयाळू असते. आज चुकले ते उद्या पाणी मारून सुधारता येते, ओले फडके घालून ठेवले की आठवडाभर वाट पाहते. सिमेंट वाट पाहत नाही. कालवल्यापासून अर्ध्यापाऊण तासात ते धरू लागते. त्या अवधीत कातडीची सुरकुती, नाकपुडीची कड, डोळ्यावरची पापणी यांचा निर्णय होऊन जावा लागतो. आणि मग ते पुरते टणक व्हावे म्हणून कित्येक दिवस गोणपाट भिजवून त्यावर ठेवावे लागते. म्हणजे घडविताना पाहायला वेळ नाही. पाहणे आधीच पुरे झालेले असले पाहिजे. रोज सकाळ-संध्याकाळ दारावरून जाणारी, डबक्यात डुंबणारी, रवंथ करणारी म्हैस वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसालाच हे जमणारे होते. निसर्गाचे वेड म्हणजे अरण्यात जाऊन राहणे, अशी पुष्कळांची कल्पना असते. करमरकरांचा निसर्ग अंगणातला, गोठ्यातला, पुळणीवरचा होता, आणि तो त्यांनी हयातभर पुरवून पाहिला.

येथे एका समकालीनाची आठवण अस्थानी ठरू नये. 1930 च्या सुमारास पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली काही काळ सासवण्यालगतच्या किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण करीत होते. एकाच झाडापुढे दिवसेंदिवस बसून त्या पक्ष्याच्या वीणीची रीत त्यांनी उलगडली, आणि तेथूनच त्यांच्या संशोधनाची कीर्ती झाली. दोघांची विद्या निराळी, पण किनारा एक आणि धीर एकाच जातीचा. मुंबईच्या गजबजाटापासून अवघ्या काही मैलांवर त्या दशकात असे दोन डोळे एकाग्र झाले होते, हा विचार मला फार सुखावतो.

लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत आजही जे मूर्तिकार आहेत, त्यांना करमरकर हे नाव आपले वाटावयास हवे. त्या मांडवांत वीस-वीस फुटांच्या मूर्ती उभ्या राहतात. सांगाड्याची उंची, भाराचा तोल, हाताच्या तळव्याला आतून आधार कोठे द्यायचा, ही सारी गणिते तेथील कारागीर कागदावर न मांडता सोडवितात. कलाशाळेची पदवी असलेला शिल्पकार आणि कारखान्यातला मूर्तिकार यांत आपण एक भिंत मानली आहे. करमरकरांच्या आयुष्यात ती भिंत नव्हतीच. मातीचा गोळा, कलाशाळेचे शरीरशास्त्र, गोदीतले ओतकाम आणि गवंड्याचा गिलावा यांतील कोणताच जिन्नस त्यांनी हलका मानला नाही. गणेशचतुर्थीच्या आधी महिनाभर जे तरुण रात्र रात्र जागून मूर्तींच्या बोटांवर शेवटचा हात फिरवितात, त्यांतील एखाद्याने जोडीला रस्त्यावरच्या कुत्र्याकडे आणि तबेल्यातल्या म्हशीकडे त्याच निगराणीने पाहिले, तर काय घडू शकते याचा दाखला सासवण्यास आहे.

सरकारने 1962 साली त्यांना पद्मश्री दिली, आणि 13 जून 1967 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे घर पुढे कुटुंबीयांनी शिल्पसंग्रहालय म्हणून जतन केले. दीडशेच्या वर कृती तेथे आहेत. समुद्राजवळ सिमेंटाला एक शत्रू असतो: खारी हवा आणि क्षार आत झिरपून सळ्यांना गंज चढवितात, गंजलेली सळी फुगते आणि वरचा गिलावा फोडते. काशाच्या पुतळ्याला शतके जातात. या म्हशीला मात्र दर काही वर्षांनी जाणत्या हाताची गरज पडणार, आणि ती निगा केवळ एका कुटुंबाच्या जिवावर टाकणे बरे नव्हे. सासवण्यास जाणे आता अवघड राहिलेले नाही. पावसाळ्याचे महिने वगळता गेटवेहून मांडव्यास लाँच असते, आणि भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट नेणारी मोठी बोट 2020 पासून सुरू झाली आहे. मांडव्यास उतरल्यावर अलिबागच्या रस्त्याने सासवणे जवळच आहे. जे जातील त्यांनी शिवपुतळ्याची लहान प्रतिकृती आणि थोरामोठ्यांचे अर्धपुतळे मागाहून पाहावेत; आधी आवारातच थांबावे, जनावरांभोवती एक फेरी घालावी, मग गावच्या माणसांचे मुखवटे पाहावेत, आणि लहान मुले बरोबर असतील तर त्यांना हवा तेवढा वेळ तेथे घालवू द्यावा.